टेकाळे भाऊ आणि काळी डबी

टेकाळे भाऊ गेले आणि नव्या जालन्यात स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांचा फ्लेक्स लागला. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला पेन, केस तेल लावून चप्प बसवलेले. खाली लिहिलेलं, ‘घरोघरचे कॉम्प्युटर जिवंत ठेवणारे हरहुन्नरी इंजिनिअर’. मी मोटरसायकल थांबवून बघत उभा राहिलो. शेजारचा पानटपरीवाला ओळखीचा. तो म्हणाला, देवमाणूस होता बघा. मी मान हलवली. मान हलवण्याची मला सवय आहे. भाऊंच्या शेजारच्या स्टुलावर बसून मी पाच-सहा वर्षं मुख्यतः तेच काम केलं.

पण नजर त्या फोटोतल्या शर्टाच्या खिशावर गेली. पेनाच्या मागं खिसा थोडा फुगलेला होता. फोटो कधीचा ते माहीत नाही, खिशात काय होतं ते मात्र मला पक्कं माहीत आहे. 

भाऊंचं पूर्ण नाव मधुकर टेकाळे. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स त्यांनी अर्धवट सोडला होता, पण जालन्यात कॉम्प्युटर नवा नवा आला तेव्हा त्याचे स्क्रू काढायची हिंमत असलेल्या मोजक्या लोकांत ते होते. बियाणं कंपन्यांची ऑफिसं, मोंढ्यातल्या धान्याच्या पेढ्या, दवाखाने, शाळा, सगळीकडं टेबलावर एकेक डबडं येऊन बसलं होतं आणि लोक त्याला प्लास्टिकचं कव्हर घालून घाबरून वागत होते. मी औरंगाबादहून हार्डवेअर शिकून आलो तेव्हा माझं लग्न झालेलं होतं आणि नोकरी नव्हती. भाऊंनी दुकानात भागी दिली. त्यांचे उपकार आहेत, हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना ते आडवे येणार नाहीत.

माणूस कमालीचा स्वच्छ. दुकानाची फरशी सकाळी एकदा आणि दुपारी एकदा फिनेलनं पुसली गेलीच पाहिजे. गिऱ्हाइकाकडं गेले की खुर्ची आधी रुमालानं झटकणार, मग तो रुमाल उलट्या घडीनं परत खिशात. मशीन उघडायच्या आधी बाह्या दोन घड्या वर, घड्याळ काढून टेबलावर, स्क्रू एका कागदावर ओळीनं. एवढा सोहळा बघून समोरचा आपोआप आवाज खाली आणायचा. पाण्याची स्वतःची बाटली कायम सोबत. चिखलाचा बूट घालून कुणी दुकानात आला की भाऊ त्याच्या तोंडाकडं नाही, बुटाकडं बघून बोलायचे, तो बाहेर जाऊन पाय पुसून येईपर्यंत.

आणि त्यांना कामातलं कळत नव्हतं असं कुणी समजू नये. अंबड तालुक्यातल्या एका शाळेत कॉम्प्युटर रोज दुपारी आपोआप बंद पडून परत चालू व्हायचा. हेडमास्तरांनी त्याच्यापुढं नारळसुद्धा फोडून पाहिला होता. भाऊ गेले आणि दारातच उभे राहिले, मशीनला हात लावला नाही. शिपायानं येऊन कूलरचं बटण दाबलं आणि इकडं पडदा काळा झाला. कूलर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर होते, कूलर लागला की वीज कमी पडायची. भाऊंनी माझ्याकडं बघून एक भुवई वर केली. मग गंभीर तोंड करून त्यांनी आतला पॉवर सप्लाय बाहेर काढला आणि हेडमास्तरांपुढं धरला.

“हा बिलकुल गेला सर. वास घेऊन बघा.”

हेडमास्तरांनी वाकून वास घेतला आणि म्हणाले, “हो, येतो खरा.”

वास कशाचाच नव्हता. निघताना भाऊंनी कूलरची पिन दुसऱ्या बोर्डात खोचली, सहज खोचल्यासारखी. शाळेचा चांगला सप्लाय आमच्या पिशवीत आला आणि कुठला तरी घासलेला सप्लाय शाळेत राहिला. पुढं मशीन चालत राहिलं आणि हेडमास्तर येईल त्याला भाऊंचं कौतुक सांगत राहिले.

हेच मला सगळ्यात घाणेरडं वाटतं. ज्याला कळत नाही तो चुकतो, त्याचं काय एवढं. भाऊंना खरं आधी कळायचं, म्हणून त्यांचं खोटं कधी उघडं पडलं नाही.

डबी मला पहिल्यांदा दिसली ती मोंढ्यातल्या एका बियाण्याच्या दुकानात. मालक तोऱ्यातला. आम्हाला उभं ठेवून फोनवर बोलत होता. मशीनच्या पंख्यात सरकीची बारीक तूस जाऊन पंखा जाम झाला होता, जोरात फुंकर मारली असती तरी भागलं असतं. भाऊंनी झाकण उघडलं, माझ्याकडं आणि गिऱ्हाइकाकडं पाठ करून थोडा वेळ वाकले. मग मालकाला बोलावलं आणि बॅटरी त्याच्याच हातात दिली.

“शेठ, जरा उजेड धरा. माझी नजर कमी पडून राह्यली.”

शेठनं उजेड धरला. पहिल्यांदा त्यालाच दिसलं. आतल्या मदरबोर्डाच्या मधोमध उंदराच्या लेंड्या. दुकानात बी घ्यायला आलेली माणसं उभी होती. शेठनं बॅटरी झटकन विझवली आणि हळू आवाजात म्हणाला की हे जल्दी घेऊन जा, अन् कुठं बोलू नका.

घाण आहे असं भाऊ स्वतः कधीच म्हणायचे नाहीत, हे मला पुढं कळलं. उजेड नेहमी गिऱ्हाइकाच्या हातात. ज्याची घाण त्यालाच दिसली पाहिजे.

रस्त्यात मी विचारलं, लेंड्या आल्या कुठून. भाऊंनी खिशातून फोटोच्या रोलची काळी डबी काढली आणि अंगठ्यानं झाकण उडवलं. आत दोन वाळकी झुरळं, लेंड्या आणि एक पालीचं पिल्लू, वाळून लाकडासारखं झालेलं.

“हे बघ इलास,” ते म्हणाले. माझं नाव विलास, पण ते असंच म्हणायचे. “बोर्ड गेला म्हणलं तर माणूस धा गोष्टी विचारतो. घाण दिसली का एक विचारत न्हाई. लाजलेला माणूस तोंड उघडत न्हाई.”

कुणाला काय दाखवायचं याचं त्यांचं ठरलेलं होतं. धान्याच्या, बियाण्याच्या पेढीला लेंड्या. दवाखान्यात झुरळ. एका डॉक्टरनं तर झुरळ बघितल्याबरोबर बाहेरच्या पेशंटना ऐकू जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं होतं. घरात बाई असेल तर पाल. पाल निघाली की बाई स्वतःच मशीन उचलायला हात लावती, असं ते म्हणायचे. मग मशीन दुकानात यायचं, चांगला बोर्ड निघायचा, जुना बसायचा, चांगला दुसऱ्या कुणाच्या मशीनमध्ये ‘नवा’ म्हणून जायचा. गिऱ्हाईक आपला जुना भाग परत मागायचं नाही. ज्याच्यावर पाल मेली तो भाग घरात कोण ठेवील?

आणि या माणसाला त्या डबीतल्या जिनसांची खरोखर किळस होती. चिमट्याशिवाय त्यांनी कधी त्यांना धरलं नाही. काम झालं की दुकानात येऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, डोळे मिटून. त्यामुळं डबी भरायचं काम माझ्याकडं आलं. नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. घरी ट्यूबलाइटच्या मागं, माळ्यावर, जे मिळेल ते मी कागदात गुंडाळून आणायचो. बायको विचारायची, हे कुठं नेता? मी म्हणायचो, घरात टाकलं तर मुंग्या लागतील, लांब टाकतो. एवढी वर्षं झाली, तिला मी खरं सांगितलेलं नाही. हे वाचून कळेल.

आता भोकरदनचं सांगतो. त्याच्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो आणि तिथं पोचायला मी एवढा वेळ लावला.

शीलाताईंचा कॉम्प्युटरचा क्लास भोकरदनला त्यांच्या घरात होता. भीमनगरात रस्त्याला लागून पहिलंच घर. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली टेबल, टेबलावर जुना कॉम्प्युटर, त्याच्यावर दोऱ्यानं वेलबुट्टी काढलेलं कव्हर. वडील शाळेतून रिटायर झालेले, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. मशीन एकच, मुली पाळीपाळीनं बसायच्या. आधी फक्त वस्तीतल्या मुली येत. त्या वर्षी गावातल्या दुसऱ्या गल्ल्यांतल्या येऊ लागल्या होत्या, कारण मुलींना शिकवणारी बाई तिथं ती एकटीच. एक आली, मग तिची मैत्रीण. सुरुवातीला एखादीची आई सोबत यायची, दारात बसायची, पोरी कुठं बसतात, घर कसं आहे बघायची. त्या घरात पाणी प्यायचं की नाही हा प्रश्न हळूहळू मागं पडत चालला होता. शीलाताई हे उघड बोलत नसत, पण त्यांचं सगळं त्याच्यावर होतं. खोली रोज दोनदा पुसलेली असायची. चपला बाहेर, ओळीनं.

मशीन चालू केलं की पडदा काळा आणि आतून एक लांब शिट्टी, थांबून थांबून. या धंद्यातल्या कच्च्या माणसालाही कळावं, मेमरीची पट्टी नीट टेकत नाही. ती काढायची, शाळेच्या खोडरबरानं तिचे पिवळे दात घासायचे, दाबून परत बसवायची. चहा गार व्हायच्या आत काम होतं. मला कळलं. भाऊंना माझ्या आधी कळलं.

शीलाताईंनी ट्रेमध्ये पाणी आणलं. भाऊ म्हणाले, बाहेरचं पाणी बाधतं मला, आणि आपली बाटली काढली. मोंढ्यात शेठच्या माठातलं पाणी ते दोन दोन ग्लास प्यायचे. ते मला त्या क्षणी आठवलं. इतकी वर्षं ती बाटली बघत होतो, पण ती कोणत्या घरी उघडते ते कधी बघितलं नव्हतं. मी ग्लास उचलला आणि सगळा प्यालो. माझ्या हातून त्या दिवशी एवढंच बरं घडलं.

मग भाऊ वाकले. पाठ आमच्याकडं. मला वाटलं, इथं नाही करणार. उठले, आणि बॅटरी शीलाताईंच्या हातात दिली.

“ताई, जरा उजेड धरा.”

त्यांनी धरला.  उजेड एका जागी थांबला तेव्हा मी पुढं होऊन बघितलं. बोर्डावर पाल होती. शेपूट तुटलेलं, मागचा एक पाय पोटाखाली आखडलेला.

ती पाल मी ओळखली. आमच्या स्वयंपाकघराच्या दारात चेमटून मेलेली. बायकोनं झाडूनं अंगणात लोटली होती, मी तिथून उचलली होती. माझ्या घरातली घाण त्या पुसलेल्या घरात आणून ठेवली होती.

“हे होणारच नाही,” शीलाताई म्हणाल्या. “परवाच मी हे उघडून ब्रशनं साफ केलंय. मी स्वतः.”

“ताई, पाल काय विचारून आत येती का?” भाऊ म्हणाले.

दारात एका मुलीची आई बसली होती. ती हसली. मग हसू आवरून तिनं पदर नाकाला लावला. भाऊंनी आवाज खाली आणला. इतकी माया त्यांच्या आवाजात मी कधी ऐकली नव्हती.

“मनाला लावून घेऊ नका. एकेका घराचं वळण असतंय. तुमचा दोष न्हाई.”

 गुरुजी खुर्चीवरून उठले, आत गेले आणि ओलं फडकं घेऊन आले. ते टेबल पुसू लागले. टेबल स्वच्छच होतं. मशीनच्या भोवतीनं, कोपऱ्या-कोपऱ्यातून, मान खाली घालून ते पुसत राहिले. दारातली बाई आपल्या पोरीचा हात धरून उठली आणि चपला घालून निघून गेली. भाऊ म्हणाले, बोर्ड गेला, दुकानात न्यावं लागेल. कुणी काही विचारलं नाही.

बसस्टँडसमोर आम्ही चहाला थांबलो. भाऊंनी सगळी हकीकत हॉटेलवाल्याला सांगितली. त्याची काही गरज नव्हती, मशीन तर आम्ही भाड्यानं केलेल्या जीपमध्ये ठेवलेलंच होतं. हॉटेलवाल्याची पुतणी त्या क्लासला जात होती. मी म्हटलं, भाऊ, ह्या घरी नको होतं. ते बशीत फुंकर मारत म्हणाले, “मला सगळी घरं सारखीच. तू चहा पी.”

दुकानात आल्यावर मी पट्टी काढून घासली आणि बसवली. मशीन एका दमात सुरू झालं. भाऊंनी बघितलं, मान डोलावली आणि तो बोर्ड काढून घेतला. दुसरा, कुठून कुठून फिरून आलेला, त्यात बसवला.

मशीन परत द्यायला मला एकट्याला पाठवलं. दुपारची वेळ, क्लासची वेळ. खोलीत कुणी नव्हतं. पाट एकावर एक रचून भिंतीला लावलेले. बाहेर चपलांची ओळ नव्हती. मी मशीन जोडलं, चालू करून दाखवलं. शीलाताई दारात उभ्या होत्या.

“दादा, त्या दिवशी तुम्ही इथंच होता. पट्टी ढिली असली की अशी शिट्टी वाजते, मी पुस्तकात वाचलंय. बोर्डाचं राहू द्या. मला एकच सांगा. पाल आत होती का?”

त्यांना उत्तर माहीत होतं. मशीन त्यांनी स्वतः झाडलं होतं. त्यांना फक्त कुणीतरी ‘नव्हती’ म्हणायला पाहिजे होतं. गुरुजी आतल्या खोलीत होते, त्यांच्या खुर्चीचा आवाज थांबला.

“होती, ताई,” मी म्हणालो.

“बरं,” त्या म्हणाल्या. मग दारातून बाजूला होत, “पाणी घेता?”

मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. मी म्हणालो, नको, गाडी जाईल. बाहेर येऊन पायात चप्पल घालताना लक्षात आलं मी काय करून बसलो. पहिल्या दिवशी पाणी पिणारा माणूस पाल निघाल्यावर पाणी नको म्हणाला. माझं ‘नको’ कशामुळं होतं, हे त्यांना कसं कळणार? मागं फिरायला हवं होतं. बस लागलेली होती. मी बसमध्ये जाऊन बसलो.

गावातल्या मुली परत आल्या नाहीत. वस्तीतल्याही पुढं कमी झाल्या, मशीन सारखं बंद पडायला लागलं होतं. वर्षभरात क्लास मोडला आणि शीलाताई औरंगाबादला कुठल्याशा ऑफिसात टायपिंगला लागल्या. त्यांचा पत्ता माझ्याकडं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. शीलाताईंचा सख्खा भाऊ अजून भोकरदनलाच राहतो. पत्ता मिळायला एक चहा पुरेल.

त्यानंतर मी डबी भरली नाही. याची फुशारकी मारण्यासारखं काही नाही, दुकानात मी पुढं बरेच दिवस होतोच, भाऊ डबी दुसरीकडून भरायचे आणि मी शेजारच्या स्टुलावर बसायचो. मग लोक बिघडलेलं मशीन दुरुस्त करायच्या ऐवजी नवीन घ्यायला लागले आणि दुकान आपोआप मिटलं. आम्ही भांडून वेगळे झालो असतो तर आज मला सांगायला काहीतरी राहिलं असतं.

भाऊंना शेवटचं बघितलं ते त्यांच्या घरी. अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. मुलगा पुण्याला, सून सांभाळत होती. तिचा फोन आला की मामांचा, म्हणजे भाऊंचा, कॉम्प्युटर बंद पडलाय, दिवसभर त्याच्यावर पत्ते खेळायचे, आता चिडचिड करून राह्यले, तुम्हालाच बोलवा म्हणतात.

गेलो. भाऊ खुर्चीत, डावा हात मांडीवर निर्जीव, तोंड एका बाजूला ओढलेलं. शर्ट मात्र पांढराशुभ्र, इस्त्रीचा. घर लख्ख. सून फिनेलची बादली कोपऱ्यात सारून उभी राहिली. मशीन तेच जुनं डबडं. मी स्क्रू काढले, कागदावर ओळीनं ठेवले. बॅटरी माझ्याच हातात ठेवली. पंख्याखाली उजेड टाकला आणि हात मागं आला.

पाल होती. वाळलेली नव्हे. फुगलेली, पोट फुटलेलं, वास सुटलेला.

“भाऊ,” मी म्हणालो, “आत पाल मरून पडली.”

सुनेचं तोंड एकदम उतरलं. ती म्हणाली, मी रोज पुसते हो काका, रोज. भाऊ माझ्याकडं बघत होते. हळूहळू त्यांच्या तोंडाची चांगली बाजू वर चढली. ते हसत होते. जिभेला जड जाणारे शब्द त्यांनी एकेक करून बाहेर ढकलले.

“शिकलास,” ते म्हणाले आणि उजव्या हातानं माझ्या शर्टाच्या खिशाकडं बोट केलं. “डबी… हाय का अजून?”

“न्हाई भाऊ. खरीच हाय ही.”

त्यांना आणखीच हसू आलं. लाळ शर्टावर सांडली. त्या डोळ्यांत कौतुक होतं, शागिर्दानं हातचलाखी बरोबर उचलल्यावर उस्तादाला वाटतं तसलं. मला त्या पालीपेक्षा त्या कौतुकाची किळस आली. मी पाल चिमट्यानं उचलून कागदावर घेतली, त्यांच्यासमोर धरली. त्यांनी तिच्याकडं बघितलंही नाही.

सून आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. मग तिनं विचारलं, हळू, सासऱ्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात.

“काका, खरं सांगा. होती का ही आत?”

“होती, सूनबाई,” मी म्हणालो.

आवाज तोच निघाला, भोकरदनचा. मला ओळखू आला.  तिनं खिळ्यावरचं फडकं काढलं आणि टेबल पुसायला लागली, पुसता पुसता माझ्या शर्टाच्या खिशाकडं बघत.